फळा पुसणारं गाणं

नाचाच्या गाण्याचं आयुष्य थोडं असतं. अभंगामागे देव उभा असतो, नाट्यपदामागे राग आणि नाटक दोन्ही असतात, भावगीताला निदान कवीचा तरी आधार असतो. निव्वळ पाय थिरकावेत म्हणून केलेल्या गाण्याला मात्र कुणाचाच आधार नसतो. यंदा वरातीत जे वाजतं ते दोन वर्षांनी बँडवालाही विसरतो. (‘नागिन’मधली पुंगीची धून हा अपवाद. तिला मरण नाही, आणि तिच्यावर भर रस्त्यात लोळणाऱ्यांनाही नाही!)

असं असताना १९८३ साली निघालेली एक तबकडी, जेमतेम पाच मिनिटांची, शब्द म्हणाल तर बोटांवर मोजण्याइतके, आज चाळीस वर्षं उलटून गेल्यावरही सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना नाचवते, हे कसं? तबकडीचं नाव ‘क्लिअर’. ती करणाऱ्यांनी आपलं नाव ठेवलं होतं ‘सायबोट्रॉन’. गाव डेट्रॉईट, अमेरिकेतलं मोटारींचं शहर. संगीताच्या ज्या प्रकारात ती मोडते त्याला ‘इलेक्ट्रो फंक’ म्हणतात. फंक म्हणजे जेम्स ब्राऊन, जॉर्ज क्लिंटन वगैरे काळ्या कलावंतांचं कमरेला हलवणारं संगीत. आणि इलेक्ट्रो म्हणजे त्यातले ढोल-गिटार काढून त्यांच्या जागी यंत्रं बसवलेली. एवढं ज्ञान मला आता झालं आहे. कसं झालं ते सांगतो.

माझा मुलगा डेट्रॉईटच्या उपनगरात मोटार-उद्योगात नोकरीला आहे. तिकडे मराठी माणसं पुष्कळ. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या फाटकातून निघालेली एक वाट थेट मिशिगनमध्ये जाऊन पोचते, असं म्हणायला हरकत नाही. ही मंडळी एका शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन गणेशोत्सव करतात. त्या दिवशी आरती झाली, अथर्वशीर्ष झालं, एका काकूंनी अगदी तयारीने नाट्यपद म्हटलं, लेझीम झालं, आणि मग मोठ्या मुलामुलींचा नाच सुरू झाला. त्यात माझी नातही होती. सगळा भर पावलांवर. टाच, चवडा, गुडघा यांची अशी काही चपळ देवघेव की डोळ्यांना हिशेब लागू नये. या नाचाला तिकडे ‘जिट’ म्हणतात. तो डेट्रॉईटचाच, १९७०च्या दशकात तिथल्या काळ्या वस्त्यांतल्या पोरांनी घडवलेला. शेजारी बसलेले एक गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, “हे काय हो, गणपतीपुढे?” मी म्हटलं, “अहो, आपल्या मेळ्यांतून काय काय व्हायचं ते विसरलात वाटतं!” त्यावर ते गप्प बसले. प्रसाद घेताना मात्र त्यांनी माझ्याकडे जरा तिरकंच पाहिलं.

नात घामाघूम होऊन आली. “कसं वाटलं, आजोबा?”

“नाच छानच झाला. पण गाणं कधी सुरू होतंय याची मी वाट बघत होतो.”

“आजोबा! तेच तर गाणं!”

घरी गेल्यावर तिने ते मला तीनदा ऐकवलं. आधी सुरांची एक साखळी भरभर वर चढते आणि खाली येते; उकळी फुटायच्या आधी पातेल्याच्या तळाशी बुडबुडे धावतात ना, तशी. मग यंत्राचा ठेका येतो, कोरडा, टाळी वाजवल्यासारखा. मग नळीतून बोलल्यासारखा एक आवाज हुकूम सोडतो. ध्रुवपद-अंतरा असं काही नाही. सूर कुठे जात नाहीत, कुठून येतही नाहीत. एकाच जागी फिरत राहतात, आणि त्या फिरण्यात अधूनमधून काहीतरी सरकतं, सुळकन जातं, परत येतं.

तिसऱ्या वेळी मला एकदम लेहरा आठवला. ज्यांनी तबल्याचं एकलवादन ऐकलंय त्यांना हे सांगायला नको. हार्मोनियमवाला किंवा सारंगिया एका आवर्तनाची एकच चाल तासभर वाजवत बसतो. ती ऐकायला कुणी आलेलं नसतं. तिच्यावर तबलजी कायदे, रेले, गती मांडतो आणि आपण समेची वाट पाहतो. पण लेहरा कच्चा असला तर भले भले तबलजी कोसळतात. चांगल्या लेहऱ्याचं गमक असं, की तो कंटाळा येणार नाही इतपत गोड असावा आणि दुसऱ्याला जागा राहील इतपत रिकामा असावा. ‘क्लिअर’ हा असा लेहरा आहे. एकलवादन नाचणाऱ्याच्या पायांचं. म्हणूनच तो शिळा होत नाही. दरवेळी त्यावर जे मांडलं जातं ते नवं असतं. आणि ज्यांनी गाणी लवकर जुनाट वाटतात ते शब्द, त्या काळच्या प्रेमाबिमाच्या कल्पना, त्यात मुळी नाहीतच. कुजायला काही शिल्लकच नाही म्हणा ना.

पण लेहरे काही थोडे नाहीत. त्याच वर्षांत असल्या यंत्रांच्या शेकडो तबकड्या निघाल्या आणि बुडाल्या. हीच का राहिली? माझा स्वभाव मास्तरकीचा, सुचलेल्या पहिल्या उत्तरावर थांबवत नाही. गावातल्या ग्रंथालयातून डॅन सिको यांचं ‘टेक्नो रेबल्स’ हे पुस्तक आणलं. (तिकडची ग्रंथालयं! त्यावर एकदा वेगळं लिहीन.) त्यातून आणि मुलाने काढून दिलेल्या इतर मजकुरातून जे हाती लागलं ते गाण्यापेक्षाही मला अधिक गुंतवणारं होतं.

हे गाणं करणारे मुख्यतः दोघं. एक ह्वान ॲटकिन्स, जन्म १९६२ चा. म्हणजे ‘क्लिअर’ निघालं तेव्हा विशीतला पोरगा. दुसरा रिक डेव्हिस, वयाने मोठा, व्हिएतनामच्या युद्धातून परत आलेला. त्या युद्धाने त्याच्या मनाचं काय केलं होतं कोण जाणे. तो स्वतःला नावाऐवजी ३०७० या आकड्याने ओळखायचा. दोघांची गाठ एका सामान्य दोन वर्षांच्या कॉलेजात पडली. ‘सायबोट्रॉन’ हे नाव त्यांनी ‘सायबोर्ग’ आणि ‘सायक्लोट्रॉन’ या दोन शब्दांची मोडतोड करून बनवलं. त्यांना जोडणारा धागा म्हणजे आल्विन टॉफ्लर. ‘फ्यूचर शॉक’वाले टॉफ्लर आपल्याकडेही एके काळी खूप वाचले गेले, त्यांचं ‘द थर्ड वेव्ह’ १९८० साली आलं. कारखान्यांचं युग संपत आलं आहे, आता माहितीचं युग येणार, असं सांगणारं पुस्तक. कारखान्यांवरच जगणाऱ्या आणि ते बंद पडताना पाहणाऱ्या शहरात ही दोन पोरं ते पुस्तक वाचत होती. मोठ्या अभ्यासकांनी वाचणं वेगळं आणि यांनी वाचणं वेगळं.

ॲटकिन्सच्या दोन गोष्टी मला विशेष आवडल्या. पहिली त्याच्या आजीची. तो डेट्रॉईटबाहेर बेलव्हिल नावाच्या छोट्या गावात आजीकडे राहायचा. आजीला स्वतःसाठी ऑर्गन घ्यायचा होता म्हणून ती वाद्यांच्या दुकानात गेली, नातू बरोबर. दुकानाच्या मागच्या खोलीत सिंथेसायझर मांडलेले होते. नातू तिथून हलेना. शेवटी आजीने त्याला ‘कॉर्ग एमएस-१०’ हे यंत्र घेऊन दिलं. ते वाद्य काय करतं याची तिला सुतराम कल्पना नसणार. पण घेऊन दिलं. आज जगभर ज्याला ‘टेक्नो’ म्हणतात त्या संगीताच्या मुळाशी अशी एक आजी बसलेली आहे, हे नातीला सांगितल्यावर तिने लगेच स्वतःला हव्या असलेल्या एका यंत्राची किंमत मला सांगितली. असो.

दुसरी गोष्ट शाळेची. त्याच्या शाळेत एक विषय होता, ‘फ्यूचर स्टडीज’. भविष्याचा अभ्यास! मी ती ओळ वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तहांची कलमं, लढायांची कारणे व परिणाम, सनावळ्या. ‘इतिहास का शिकायचा?’ या प्रश्नाला दरवर्षी जूनमध्ये मी तेच उत्तर द्यायचो, की मागचं कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. पण पुढचं असं आम्ही कधी काही शिकवलंच नाही. वेळापत्रकात त्याला तास नव्हता. आणि इथे एका लहान गावातल्या शाळेत कुण्या शिक्षकाने वर्गात उभं राहून मुलांना सांगितलं असणार, की चला, उद्याविषयी बोलू. त्या वर्गातून हा मुलगा ‘क्लिअर’ घेऊन बाहेर पडला. हुकूम काय, तर जे आहे ते साफ करा, मागचं मागे टाका, पुढे नवं उभं राहणार आहे. फळा पुसा! इतिहासाच्या मास्तराला हे गाणं बोचणार नाही तर काय?

फळा पुसण्याविषयी मला दोन शब्द सांगायचा अधिकार आहे. आधीच्या तासाचं गणित फळ्यावर तसंच असेल तर त्याच्यावर शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका लिहिता येत नाही. पुसावंच लागतं. प्रश्न एवढाच, की डस्टर कुणाच्या हातात आहे.

आणि डेट्रॉईटमध्ये ते डस्टर वारंवार फिरलेलं आहे. शहराच्या मध्याजवळ हेस्टिंग्ज स्ट्रीट नावाचा रस्ता होता. दक्षिणेतून कारखान्यांत कामाला आलेल्या काळ्या लोकांची वस्ती, त्यांची दुकानं, खाणावळी, गाण्याचे अड्डे या रस्त्यावर. जॉन ली हूकर हा ब्लूज गायक तिथलाच म्हणायचा. त्याच्या १९४८ सालच्या ‘बूगी चिलन’मध्ये या रस्त्याचं नाव आलेलं आहे. अरीथा फ्रँकलिनचे वडील जिथे प्रवचन द्यायचे ते चर्चही याच रस्त्यावर. १९५०च्या दशकात आणि १९६०च्या सुरुवातीला नगरसुधारणेच्या नावाखाली ही वस्ती उठवली आणि तिच्यावरून महामार्ग नेला. त्याला नाव दिलं क्रायस्लर फ्रीवे! माणसं मोटारी बनवायला आली, आणि मोटारींना जागा हवी म्हणून त्यांना हलवलं. १९६७ साली शहरात मोठा उद्रेक झाला, त्रेचाळीस माणसं मेली. १९७२ मध्ये मोटाऊन ही शहराची अभिमानाची गाण्याची कंपनी लॉस एंजेलिसला निघून गेली. १९८० च्या जानेवारीत डॉज मेन हा प्रचंड कारखाना बंद पडला.

मग १९८१. त्या बंद कारखान्याच्या आणि आजूबाजूच्या जागेवर जनरल मोटर्सचा नवा कारखाना आणण्यासाठी पोलटाऊन नावाची सगळी वस्ती शहराने सक्तीने ताब्यात घेतली. पोलिश आणि काळे असे मिश्र लोक, चार हजारांहून जास्त माणसं, हजाराच्या वर घरं. लोक कोर्टात गेले. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. एका चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका ठाण मांडून बसल्या होत्या, त्यांनाही पोलिसांनी बाहेर काढलं आणि चर्च पाडलं. त्याच न्यायालयाने २००४ साली, दुसऱ्या एका खटल्यात, हा जुना निकाल चुकीचा होता असं म्हटलं. तेवीस वर्षांनी. तोवर तिथे कारखाना उभा राहून जुनासुद्धा झाला होता.

ज्या वर्षी पोलटाऊन पाडलं त्याच वर्षी सायबोट्रॉनची पहिली तबकडी निघाली, ‘ॲलीज ऑफ युवर माइंड’. दोन वर्षांनी ‘क्लिअर’. ॲटकिन्सने पोलटाऊनवर गाणं केलं असं मी म्हणत नाही. माझ्या वाचनात तसं कुठे नाही. पण शब्द हवेत असतात. ज्या शहरात ‘साफ करणे’ हा शब्द वर्षानुवर्षं नगरपालिकेच्या, महामार्ग खात्याच्या आणि कंपन्यांच्या तोंडी होता, तिथे एका विशीतल्या काळ्या पोराने तो उचलला आणि स्वतःच्या यंत्रातून स्वतः म्हटला. आता मी पुसणार, आणि पुढे काय लिहायचं तेही मीच ठरवणार. मला वाटतं, या गाण्याची धग इथे आहे. ऐकणाऱ्याला पोलटाऊन माहीत असण्याची गरज नाही. दुसऱ्या कुणीतरी आपल्या नावाने भरून ठेवलेला फळा सतराव्या वर्षी प्रत्येकाच्याच पुढ्यात असतो. आईबापांचं अक्षर, शाळेचं अक्षर. पाच मिनिटं का होईना, डस्टर हातात मिळतं. नाचताना माझ्या नातीच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला नुसता आनंद म्हणता येणार नाही. त्यात थोडी जरबही होती.

आता गंमत बघा. सगळं पुसा म्हणणाऱ्या या गाण्याने स्वतः काहीही पुसलेलं नाही! ती सुरांची चढती-उतरती साखळी ऐकून जाणकारांना क्राफ्टवेर्क या जर्मन मंडळींचं १९७७ चं ‘द हॉल ऑफ मिरर्स’ आठवतं. खालचा जाडसर सूर जॉर्ज क्लिंटनच्या घराण्याचा. त्याच्या ‘पार्लमेंट’ या ताफ्यात बर्नी वॉरेल सिंथेसायझरवर असा काही खर्ज धरायचा की ‘फ्लॅश लाइट’ ऐकताना आजही जमीन हलल्यासारखी वाटते. म्हणजे जर्मनांचं यंत्र आणि काळ्यांचा खर्ज. हे दोन्ही एका ठिकाणी ऐकायला मिळण्याची सोय डेट्रॉईटच्या एका रेडिओ निवेदकाने केली होती. तो स्वतःला ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ म्हणवून घ्यायचा, चेहरा कुणाला दाखवायचा नाही, आणि रात्री क्राफ्टवेर्क, प्रिन्स, पार्लमेंट असं सगळं एका पंगतीला बसवायचा. अमेरिकेत गोऱ्यांचं स्टेशन वेगळं, काळ्यांचं वेगळं, त्या काळात. सायबोट्रॉनची पहिली तबकडी त्यानेच वाजवून वाजवून शहरभर केली. ऐकणाऱ्या पुष्कळांना वाटलं, ही युरोपातून आलेली दिसते. ती तर त्यांच्याच गल्लीतली होती.

मोटाऊनचा संस्थापक बेरी गॉर्डी एके काळी मोटारीच्या कारखान्यात साखळीवर काम करत होता, आणि गाणीही त्याने त्याच पद्धतीने काढली, एका टेबलावर चाल, पुढच्यावर शब्द, पुढच्यावर पॉलिश. ॲटकिन्सचं म्हणणं असं, की आता फोर्डमध्ये यंत्रमानव काम करतात. मला गॉर्डीच्या गाण्यांपेक्षा त्या यंत्रमानवांत जास्त रस आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उद्धटपणाचं वाटलं. पण नीट पाहिलं तर यंत्रमानवाने ज्यांची नोकरी घेतली त्यांच्यातलाच हा एक, आणि तो म्हणतोय, आणा ते यंत्र इकडे, मी त्याला नाचायला लावतो.

पुढचा इतिहास थोडक्यात. कॅलिफोर्नियाच्या फँटसी रेकॉर्ड्सने ‘क्लिअर’ देशभर नेलं. होजे ‘ॲनिमल’ डियाझ यांनी केलेलं त्याचं मिश्रणच आज बहुतेक जण ऐकतात. डेव्हिसला रॉककडे वळायचं होतं, ॲटकिन्सला नाही, जोडी फुटली. ॲटकिन्सने १९८५ मध्ये ‘मॉडेल ५००’ या नावाने स्वतःचं काम सुरू केलं, आणि १९८८ साली लंडनहून डेट्रॉईटच्या या संगीताचा एक संग्रह ‘टेक्नो’ या नावाने निघाला तेव्हा ते नाव कायमचं चिकटलं. टॉफ्लरच्या पुस्तकातले ‘टेक्नो रेबल्स’, तिथलाच हा शब्द. २००२ च्या ‘व्हाइस सिटी’ या संगणकावरच्या खेळात ‘क्लिअर’ होतं. ते कळल्यावर माझा मुलगा उडालाच, कारण इंजिनिअरिंगच्या वर्षांत तो रात्र रात्र तो खेळ खेळायचा आणि मी बाहेरून दार वाजवायचो. म्हणजे आमच्या घरात हे गाणं पुण्यातच येऊन गेलं होतं, बंद दारामागे! २००५ साली मिसी एलियट या गायिकेने त्यातली ती साखळी उचलून ‘लूज कंट्रोल’ केलं आणि ते जगभर गाजलं.

जाता जाता मी नातीला हूकरचं ते १९४८ चं ‘बूगी चिलन’ ऐकवलं. एक माणूस, एक गिटार, आणि पायाखालच्या फळीवर आपटणारा बूट. त्यातही सूर जागचा हलत नाही, एकाच जागी घुमत राहतो. मी मुद्दाम काही बोललो नाही. तिने डोळे मिटून अर्धंअधिक ऐकलं, मग म्हणाली, “आजोबा, यावर जिट होईल.” आणि मोजे घातलेल्या पायांनी स्वयंपाकघराच्या गुळगुळीत फरशीवर तिने तो करूनही दाखवला. सूनबाई गॅसपाशी उभी होती. ती म्हणाली, “पडशील गं,” आणि तिला जागा व्हावी म्हणून एक खुर्ची बाजूला सरकवली.